हेरोदाला सांगायचं खोटं

मी मूळचीच संशयी. कुणी गोड बोललं की मला आधी वाटतं, याचं कुठलं काम अडलंय? मावशी म्हणायची, "तुले देवानं डोये दिले, पन पापण्या द्याच्या राहून गेल्या वाटते." म्हणो बापडी. ताक फुंकून पिणाऱ्याचं तोंड भाजत नाही, एवढं मला कळत होतं. त्या सहा जानेवारीला मात्र माझा संशय दुसऱ्याला भाजून गेला. आज इतक्या वर्षांनी लिहायला बसले तरी हात थोडा मागेच येतो.

विदर्भ मुंबई राज्यात जाऊन दोन-एक वर्षं झाली असतील. मी मॅट्रिकला आपटले आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावी मावशीकडे राहायला आले. मावशी तिथल्या मिशनच्या दवाखान्यात नर्स. तरुणपणीच नवरा गेला, मूलबाळ नाही. तिच्या हाताखाली मी पट्ट्या धुवायची, बाळंतिणींना पाणी तापवून द्यायची. घरात आम्ही दोघीच.

दवाखान्याच्या मागं मिशनच्या माणसांची गल्ली होती. एका रांगेत अकरा घरं. पहिल्या घरापाशी चर्च, आणि अकरावं घर आमचं. आमच्या पुढं घर नव्हतं. बाभळीच्या काट्यांचं कुंपण आणि कबरस्तानाचं फाटक, बस्स. नवीन पोस्टमन हटकून आमच्या दारात येऊन थबकायचा.

आमच्या मंडळीत नाताळ पंचवीस तारखेला संपत नसे. सहा जानेवारीला राजांचा दिवस यायचा, तेव्हा कुठं करंज्यांचे डबे रिकामे व्हायचे. त्या दिवशी दुपारी चारला चर्चमध्ये देखावा. बांबूला लावलेली कागदाची चांदणी पुढं, तिच्या मागं बाळाला भेटायला निघालेले तीन मागी राजे, आणि गव्हाणीत मंडळीतलं त्या वर्षीचं सगळ्यात लहान लेकरू. पण खरी मजा सकाळी. सकाळी गल्लीत हेरोद यायचा, बाळ येशूला मारायला शोधत फिरणारा तो राजा.

हेरोद कोण होणार याची चिठ्ठी निघायची. त्या वर्षी ती आमच्या कंपाउंडरला निघाली. तो माणूस औषधाची बाटलीसुद्धा हळूच ठेवणारा, माशीला दुखावणार नाही असा. त्याला अंबाडीची दाढी लावली, पडद्याचा झगा घातला आणि हातात काठी दिली. हेरोदानं दर दारावर काठी आपटून, शास्त्रातल्या भाषेत विचारायचं, "यहूद्यांचा राजा जन्मला आहे, ते बाळ कोठे आहे?" घरातल्यांनी आधीच आपलं लहान लेकरू कणगीमागं, खाटेखाली, कुठंतरी लपवलेलं असायचं. सगळ्यांनी एकच उत्तर द्यायचं, "इथं नाई. पुढच्या घरी पाहा." मग पुढचं घर, मग त्याच्या पुढचं. आमचं घर शेवटचं, म्हणून आम्ही म्हणायचं, "मांगं पाहा, मागच्या घरी." तसं म्हटलं की हेरोद डोक्यावर हात मारून परत फिरायचा, आणि चर्चजवळच्या निंबाखाली बसून चहा प्यायचा. वर्षातून एक दिवस खोटं बोलायची मोकळीक, आणि तीही चर्चच्या पाळकसाहेबांच्या देखत! ते म्हणायचे, "हे खोटं नाही, हे बाळाला राखणं आहे." मला तेव्हाही वाटायचं, खोटं ते खोटंच, त्याला झगा घातला म्हणून काय झालं? पण मीही बोलायचीच.

आता त्या पोरीचं सांगते, कारण सगळं तिच्यापाशी येतं.

आधीच्या उन्हाळ्यात दिग्रसच्या अंगाच्या एका तांड्यावरून एक बाई बैलगाडीत घालून आणली होती. दोन दिवस अडलेली. पोरगी वाचली, बाई गेली. नवरा ओसरीत डोकं गुडघ्यात घालून बसला होता. सोबत एकच माणूस, ऊन असं की मढं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर नेणं शक्य नाही. पाळकसाहेबांनी आमच्या कबरस्तानाच्या कोपऱ्यात जागा दिली. खड्डा त्यानं स्वतःच खणला, कुणाला हात लावू दिला नाही. मग पोरीच्या मुठीत आपलं बोट देऊन थोडा वेळ उभा राहिला आणि निघून गेला. आठव्या दिवशी तो एक दुभती बकरी घेऊन दवाखान्यात हजर. म्हणाला, "तांड्यात पाजाले कोनी नाई, बाई. औंदाचा कापूस निघू द्या, मंग छोरीले नेतो." मावशीनं होकारार्थी मान हलवली.

हे मी माझ्या कानांनी ऐकलं, आणि त्यातलं एक अक्षर खरं मानलं नाही. मुलीसाठी कोण परत येतो? बकरी दिली आणि मोकळा झाला, असा माझा हिशेब.

पोरगी आमच्या घरी आली, बकरीही आली. बकरी ओट्याच्या खुंटीला, पोरगी मावशीच्या खांद्याला. त्या दोघींची विलक्षण जोडी जमली. बाहेर बकरी ओरडली की आत पोरगी किंचाळून हसायची. दिवसातून दहा वेळा. बकरीचं "में" आणि तिचं "ई", असा कारभार. मावशीनं फलालीनची झबली शिवली, काजळाची डबी घेतली. वॉर्डात सगळ्यांना तोंडावर बोलणारी माझी मावशी घरात गाणी म्हणायला लागली! पोरीला ती कधी 'माझी' म्हणाली नाही. पण दिवाळी झाली, कापूस फुटला, रस्त्यानं जिनिंगकडे गाड्या जायला लागल्या, तशी ती खिडकीत उभी राहायला लागली. "काव, कापूस निघाला का सगळा?" असं मला विचारायची. मी म्हणायची, "अजून लय हाय." ते खरं आहे की नाही हे मला ठाऊक नसायचं. रस्त्यावर पागोटं दिसलं की मी नीट पाहून घ्यायची.

त्यात बाजारात वेगळाच वास यायचा. त्या वर्षांत मिशनबद्दल लोक काय काय बोलत. एका मंगळवारी वांगीवाली मला म्हणाली, "तुमी मिशनवाले दुसऱ्याइचे लेकरं ठेवून घेता म्हनते. मायबापानं इचारलं तं लपवून टाकता." माझं डोकंच फिरलं. घेतलेली वांगी मी तिच्या टोपल्यात परत आपटली आणि म्हटलं, "रात्रंदिवस दूध पाजून पाहा एकदा, मंग बोल!" घरी येऊन मावशीला सांगितलं. ती उठून पोरीचं झबलं बदलायला गेली. नुकतंच तर बदललं होतं.

त्या वर्षी मंडळीतली दोन तान्ही गोवरानं पडलेली, म्हणून गव्हाणीसाठी आमच्याच पोरीचा नंबर लागला. मंडळीतले एक वडील कुरकुरले, "पोरगी, वरून नऊ महिन्यांची! येशूले दोन दात दाखवता का?" पाळकसाहेब हसले आणि मावशीला म्हणाले, मरीया तुम्हीच व्हा. मला यातही काळंबेरं दिसलं. पोरीला मंडळीत हळूच मुरवून घ्यायचा हा बेत तर नाही? मावशी मात्र पेटीतलं निळं लुगडं काढून उन्हात घालत होती, आणि तिचा चेहरा असा खुललेला की मी तोंडाला कुलूप लावलं.

सहा तारीख आली. दहाच्या सुमारास कंपाउंडर हेरोद येऊन गेला. मावशी पोरीला घेऊन आतल्या खोलीत कणगीमागं लपली, मी दारात उभी राहून "मांगं पाहा" म्हटलं, त्याची दाढी गळून पडली, सगळे हसले. मावशी म्हणाली, पोरगी पेंगते आहे, अशीच निजवते, आणि आतच थांबली.

तासाभरानं गल्लीच्या वरच्या अंगाला परत हसणं ऐकू आलं. मी डोकावले. लाल पागोटं, खांद्यावर घोंगडी आणि काखेत बोचकं, असा एक माणूस घराघरापुढं थांबत येत होता. हात जोडून विचारत होता, "लेकरू कुठी हाय, बाई? छोरी? दवाखान्यात म्हने गल्लीत पाहा."

आणि बाया पदर तोंडाला लावून, खुशाल सांगत होत्या, "इथं नाई बापा! पुढच्या घरी पाहा!"

एकीनं तर दुसरीला हाक मारून म्हटलं, "अवं, यंदा हेरोदानं हेर पाठवला! पागोटं तं पाहा, खरंखुरं आनलं!"

तोही ओशाळं हसायचा, हात जोडायचा, पुढच्या दारी जायचा. आम्ही कशाला हसतो हे त्याला काय ठाऊक? त्याला वाटलं असेल, सणाची माणसं आहेत, आनंदात आहेत. तिथं कुणाला खरंच कळलं नाही आणि कुणी कळूनही कळू दिलं नाही, याचा मला अजून संशय आहे. मला स्वतःला मात्र तिसऱ्या घरापाशीच कळलं. त्याच्या पायांवरून. घोट्यापर्यंत धूळ, टाचांना भेगा. सोंगातल्या माणसाचे पाय तसे नसतात.

तो आठ घरं ओलांडून येईपर्यंत मी अख्खा खटला उभा केला. नऊ महिने कुठं होता? आता काहून आला? नक्की बाजारातल्या कुणीतरी चढवून पाठवला. नाहीतर दुसरी केली असेल आणि तिला घरकामाला पोर हवी असेल. पोरगी जगली-मेली याची चौकशीसुद्धा केली नाही आणि आज सणाच्या दिवशी बरा उगवला! असं सगळं. आणि त्या सगळ्याखाली मावशीचा खुललेला चेहरा.

तो आमच्या ओट्याशी आला तशी बकरी ओरडली. खुंटीला ताण देऊन ओरडली. तो थबकला, मग मटकन तिच्यापाशी बसला. तिनं त्याच्या काखेत तोंड खुपसलं. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि हसला. दहा घरं हुडकून दमलेला माणूस, पण घर सापडल्यासारखा हसला.

"बाई, हे तं माहीच बकरी," तो म्हणाला. "छोरी कुठी हाय?"

मी म्हटलं, "इथं नाई. पुढं पाहा."

आणि हात पुढं केला.

गल्लीभर सकाळपासून तेच वाक्य चाललं होतं, तेच माझ्या तोंडातून निघालं. आम्ही "मागं" म्हणायचं असतं, हे त्या क्षणी आठवलंच नाही. त्यानं माझ्या हाताच्या रोखानं पाहिलं. तिकडं बाभळीचं कुंपण आणि कबरस्तानाचं फाटक. तो बराच वेळ तिकडं पाहत राहिला. मग माझ्याकडे. मी नजर खाली केली नाही, उलट मला माझी शाबासकीच वाटत होती. तो बकरीच्या पाठीवर हात ठेवून उठला, वहाणा काढून हातात घेतल्या आणि फाटकातून आत गेला.

मी म्हटलं, चला, बायकोच्या मातीपाशी रडेल आणि जाईल वाटेला. सुटलो.

एकच गोष्ट मला खटकली. बकरी इतकी ओरडली, पण आतून पोरीचा आवाज आला नाही. मग वाटलं, झोपली असेल, देवाचीच कृपा.

थोड्या वेळानं मावशी बाहेर आली. "कोन होतं?"

"हेरोदाचा हेर," मी म्हटलं.

"हं," ती म्हणाली आणि दूध तापवायला गेली.

चारला चर्च भरलं. सतरंज्यांवर एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष. मावशी निळं लुगडं नेसून गव्हाणीपाशी बसली होती आणि पोरगी काही केल्या आडवी राहत नव्हती. उठून बसायची, कडब्याची काडी तोंडात घालायची. चांदणी आली, राजे आले. पहिल्या राजानं गुडघे टेकून सोनेरी कागदाची डबी ठेवली, तर तिनं त्याची दाढीच धरली. सगळं चर्च हसलं. कुरकुरणारे वडीलसुद्धा हसले.

तेवढ्यात दारात तो दिसला. पागोटं हातात. दोन्ही हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले, गुडघे मातीनं भरलेले. त्यानं मावशीला ओळखलं, गव्हाणीत पाहिलं आणि त्याच्या घशातून एक आवाज निघाला. बाळंतिणींच्या वॉर्डात राहूनही तसा आवाज मी ऐकला नव्हता. तो सतरंज्यांच्या मधून सरळ पुढं आला. मागं कुणीतरी टाळ्या वाजवल्या, यंदा नवीन काहीतरी बसवलंय म्हणून. कंपाउंडर माझ्या शेजारच्या खांबाशी उभा होता. हळूच म्हणाला, "हा मानूस आपला नाई." पाळकसाहेब पुस्तक उघडं धरून तसेच थांबले.

मावशी उठली. तिच्या चेहऱ्यावर मी नवल शोधलं, पण ते नव्हतं. तिनं पोरीला उचललं, पदरानं तिच्या तोंडातली काडी काढली, हनुवटी पुसली, आणि तिला त्याच्या मातीच्या हातांवर ठेवलं.

"दूध कोमट करून पाजजा," ती म्हणाली. "थंडं नका देऊ. पोट दुखते तिचं."

पोरीनं त्याच्याकडे पाहिलं, आणि भोकाड पसरून मावशीकडे हात केले. मावशीनं आपले हात पाठीमागं बांधून घेतले. तो पोरीसकट तिच्या पायांवर वाकला आणि निघून गेला. मागची माणसं अजून टाळ्या वाजवत होती.

मावशी रिकाम्या गव्हाणीपाशी परत बसली. राजांकडे पाहून तिनं मान हलवली, चालू द्या. दोन राजे राहिले होते. त्यांनी ऊद आणि गंधरस कडब्यापुढं ठेवला, आणि कुणालाही गाणं सुरू करता येईना. तेव्हा मावशीनं मला डोळ्यांनी जवळ बोलावलं. "बकरी राह्यली," ती म्हणाली. "जा, देऊन ये. पोट्टी दुसरं दूध घेनार नाई."

मी बकरी ओढत धावले. जिनिंगच्या पलीकडं त्याची गाडी उभी होती, दुसरा एक म्हातारा बैल जुंपत होता. पोरगी रडून थकली होती. तिच्या डोक्यावर आरशांची, रंगीत धाग्यांची नवी टोपी होती. बोचक्यात तीच होती तर. त्याच्या आईनं शिवलेली, तो म्हणाला. मी दावं त्याच्या हातात दिलं आणि परत फिरायचं सोडून तिथंच उभी राहिले.

तो म्हणाला, "बाई, तू तिकडं हात केला. मले वाटलं, छोरीबी तिच्या मायजवळ गेली."

मी बकरीकडे पाहिलं.

"मंग तिच्या मायच्या बाजूले लहान ढीग धुंडला. तुमच्या तिथं लहान ढीग लय हायेत, बाई. माहा कोनता, थे समजे ना. मंग सगळ्याइवरचं गवत काढलं."

मी म्हटलं, "आमच्यात आजच्या दिवशी असंच म्हनतात. गंमत असते."

"गंमत," तो म्हणाला. त्याला राग आला नव्हता. आला असता तर मला बरं वाटलं असतं, मी भांडले असते. त्यानं बकरी गाडीच्या मागं बांधली, पोरीला घोंगडीत घेतलं आणि गाडी निघाली. बकरी ओरडली. पोरगी रडता रडता हसली.

घरी आले तर मावशी निळ्या लुगड्याची घडी घालत होती. वांगीवालीचे शब्द माझ्या डोक्यात ठोके घालत होते. मायबापानं विचारलं तर लपवून टाकता. मी भांडले होते ना तिच्याशी! मी रडत मावशीला सगळं सांगितलं: तो सकाळी आला होता, मी त्याला ओळखलं होतं, मी हात कुठं केला, त्यानं तिथं काय केलं.

मावशीनं घडी पुरी केली. पेटीत ठेवली. मग म्हणाली, "मले माहीत हाय तो आला होता. मी आतल्या दाराच्या मांगंच होती. त्याचा आवाज वळखला मी."

"मंग?"

"बकरी वरडली तवा पोट्टी जागी होती. हसाले तोंड उघडलं तिनं." मावशीनं आपला उजवा हात पुढं करून पाहिला. "मी तिच्या तोंडावर हात ठेवला."

साऱ्या जगावर मी संशय घेतला होता. पाळकांवर, बाजारावर, त्या बापावर. मावशीवर घ्यायचं कधी सुचलंच नव्हतं.

तिनं कुणाला दोष दिला नाही, मलाही नाही. दुसऱ्या दिवशी ती वेळेवर वॉर्डात गेली. देखावा पुढंही होत राहिला, चिठ्ठ्या निघत राहिल्या, गल्लीत लेकरं कणगीमागं लपत राहिली. फक्त हेरोद आमच्या दारी आला की मावशी दोन्ही दारं, आतलं आणि बाहेरचं, सताड उघडी टाकून ओट्यावर बसायची. त्यानं काठी आपटून विचारलं की ती "मागं" म्हणत नसे आणि "पुढं"ही म्हणत नसे. म्हणायची, "आमच्या घरी लेकरू नाई, बापा. आत जाऊन पाहून घे."